बावीस युनिट

गुरुवार, ५ मार्च

डॉक्टर,

पत्राच्या डोक्यावर थोरल्याने धाकट्याला जे लिहायचं असतं, ते लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नाही. मोजून दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे. ती भरायची की नाही ते तुझ्यावर आहे.

सोळा महिन्यांनी लिहितो आहे. फोन करणार नाही. फोनवर बोललेलं नाकारता येतं. तुझ्या-माझ्यात आता जे व्हायचं ते कागदावर होईल.

आधी आक्काची खबर, कारण तू विचारणार नाहीस. ती सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते. उठताना मी डाव्या बाजूला लागतो, आणि चार पावलांनंतर तोल जातो. शब्द गेले आहेत, पण सगळे नाही, निवडक. चमच्याला ‘ते’ म्हणते, दाराला ‘ते’ म्हणते, मला मात्र अजून मिलिमीटर म्हणते. तुझंही नाव राहिलं आहे. तू आठ वर्षांचा असताना नरसाळं छातीला लावून घरातल्या सगळ्यांना तपासायचास, तेव्हापासून तू तिचा डॉक्टर. रोज संध्याकाळी एकदा विचारते, डॉक्टर आला का? मी सांगतो, पेशंट बसलेत. सोळा महिने झाले, तुझे पेशंट काही संपत नाहीत.

आता ११ नोव्हेंबर. तुला आठवत नसेल तर मी लिहून देतो, माझ्याकडे तपशील आहे. दुपारी पावणेबारा. तुझ्या तपासणीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर सहा माणसं बसली होती. आक्काच्या तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट तुझ्या हातात होता, नऊ पूर्णांक आठ. माझ्या हातात वही होती. तीन वर्षांची. सकाळ-संध्याकाळ, वेळ, घरच्या मशीनवरची साखर, दिलेलं इन्सुलिन, खाल्लेलं अन्न. पंच्याण्णव, एकशे दहा, एकशे अठ्ठावीस. एका महिन्यात एकशे साठच्या वर गेलेले आकडे किती, तर दोन, आणि तेही लाल शाईने. त्या मशीनबरोबर तपासायचं द्रावण मिळतं, ते मी दर पहिल्या तारखेला लावून मशीन बरोबर चालतंय याची खात्री करून घ्यायचो. तुझ्या किती पेशंटांना असलं द्रावण असतं हे ठाऊक आहे?

तू हसलास. आक्काला म्हणालास, चोरून काय खातेस ते सांग, रागावणार नाही. ती म्हणाली, खाल्लं असतं तर निदान चव तरी कळली असती रे. बाहेरची माणसं हसली. मग तू माझी वही मिटलीस, वर हात ठेवलास आणि म्हणालास:

“दादा, वही सुंदर आहे. पण रक्त खोटं बोलत नाही.”

म्हणजे मी बोलतो. नववीतून शाळा सोडून वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, ज्याच्या शिक्क्यावर सोनार डोळे मिटून सोनं तोलतात, तो आकडे बनवतो. सहा परक्या माणसांदेखत. आणि तू इन्सुलिन दहावरून सोळावर नाही, सरळ बावीसवर नेलंस, दोन्ही वेळा. तेराव्या दिवशी सकाळी आक्का उठली नाही. दवाखान्यात साखर भरली चोवीस.

थोरली बहीण आक्का शिवणयंत्रावर आणि मी काट्यांवर बसलो म्हणून तू पुस्तकांवर बसू शकलास. हे उपकार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो.

माझ्याकडे आता एक कागद आहे. त्यात काय आहे ते आज सांगणार नाही. तो आक्काबद्दल आहे, आणि तिच्यापुरता नाही, तुझ्या घरापर्यंत पोचणारा आहे. तो हवा असेल तर इथे यायचं, आक्कासमोरच्या खुर्चीत बसायचं आणि एक वाक्य म्हणायचं: वही खरी होती. एवढंच. ‘पण’ लावायचा नाही.

दादा


शनिवार, २१ मार्च

डॉक्टर,

पत्राचं उत्तर म्हणून तुझ्या ड्रायव्हरने चाकांची खुर्ची आणून दिली. चिठ्ठी नाही. कुठे ठेवू म्हणाला, मी म्हटलं जिन्याखाली. उजवं चाक चार मिलिमीटर बाहेर फेकत होतं, ते काढून सरळ केलं. आक्का तिच्यात बसत नाही. तिने खुर्चीला हात लावून पाहिला आणि विचारलं, डॉक्टर आला? मी म्हटलं, त्याने चाकं पाठवलीत. ती हसली. का हसली ते मला कळलं नाही, पण हसण्यात तुझी बाजू नव्हती एवढं नक्की.

तू आला नाहीस म्हणून कागदातला अर्धा भाग आज सांगतो. अर्धा अशासाठी की तुला झोप लागू नये.

रक्त खोटं बोलतं. मी ते सिद्ध केलं आहे.

दवाखान्यात आक्काची साखर चोवीस निघाली, त्याच दिवशी त्यांनी तीन महिन्यांचीही केली होती. नऊ पूर्णांक सहा. तिथल्या डॉक्टरणीने खांदे उडवले, म्हणाली वरखाली होत असेल. मला ते पटलं नाही. दोन काटे एकाच मालाचं वेगळं वजन दाखवतात तेव्हा आम्ही एका काट्याला खरा आणि दुसऱ्याला चोर म्हणत नाही. काट्याला काटा साक्षीदार नसतो. प्रमाण वजन आणायचं, दोन्ही पारड्यांत ठेवायचं आणि मग बोलायचं. हे मला माझ्या उस्तादाने पहिल्या आठवड्यात शिकवलं. तुला सहा वर्षांत कोणी शिकवलं नाही.

मी वाचायला बसलो. वाचनालयातली जाड पुस्तकं, शब्दकोश मांडीवर. हिमोग्लोबिनला साखर चिकटते, किती टक्के चिकटली ते मोजलं की तीन महिन्यांचा अंदाज येतो. हे तू शिकलास, मीही वाचलं. फरक एवढाच की मी पुढचं पानही वाचलं. पुढच्या पानावर लिहिलंय की काही माणसांचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच जरा वेगळ्या घडणीचं असतं. त्याने त्रास काही होत नाही, आयुष्यभर कळतही नाही. पण काही मशीनं रक्ताचे भाग वेगळे करून मोजतात, आणि ही वेगळी घडण नेमकी साखर चिकटलेल्या भागाला खेटून बाहेर पडते. मशीन दोन्ही मिळून मोजतं आणि सगळं साखरेच्या नावावर घालतं.

तुला समजेल अशा भाषेत सांगतो. एका किराणावाल्याचा काटा दर वेळी थोडं जास्त दाखवायचा. गिऱ्हाइकं त्याला लबाड म्हणायची. मी पारडं उलटं केलं, तर खाली मेणाचा गोळा चिकटलेला. दुकानदार लबाड नव्हता आणि मालही बरोबर होता. काटा मेणसुद्धा माल म्हणून तोलत होता. तू पारडं उलटं करून पाहिलं नाहीस. तू आक्काला विचारलंस, चोरून काय खातेस.

त्या मोठ्या लॅबमध्ये एक दाढीवाला आहे, मशीनवर बसतो. चार वेळा गेलो, चारही वेळा म्हणाला, काका, रिपोर्ट मिळाला ना, आलेख पेशंटला देत नाही. पाचव्या वेळी पाहिलं तर त्यांचा रसायनं तोलायचा काटा थरथरत होता. त्याच्या पायाखाली कागदाची घडी घातलेली, कोणी घातली देव जाणे. वीस मिनिटांत पातळीत आणून दिला. मग त्याने पडद्यावर आक्काचा आलेख काढला. टेकडी होती आणि टेकडीच्या उजव्या खांद्यावर एक उंचवटा. दाढीवाला त्यावर बोट ठेवून म्हणाला, हे आम्ही पाहायला हवं होतं.

तो माणूस तुझ्यापेक्षा मोठा आहे. वयाने नाही.

त्याने रक्त दुसरीकडे पाठवलं, जिथलं मशीन वेगळ्या पद्धतीचं आहे, थेट साखर चिकटलेलं तेवढंच पकडणारं. तिथे आलं पाच पूर्णांक नऊ. शिवाय रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, त्या तपासणीला हिमोग्लोबिनशी कर्तव्यच नसतं. तीही ठीक. मग घडणीची तपासणी. ती त्या कागदावर आहे, सही-शिक्क्यासकट.

म्हणजे पंच्याण्णव हे पंच्याण्णवच होते. एकशे दहा एकशे दहाच होते. माझी वही.

तुझ्याविरुद्धची तक्रार टाइप करून घेतली आहे. एकतीस पानं, जोडपत्रं वेगळी. ३० एप्रिलला ती डॉक्टरांच्या परिषदेकडे जाईल. त्याआधी येऊन वाक्य म्हणालास तर जाणार नाही. मी घासाघीस करत नाही, माझ्या दुकानातही करत नाही.

दादा


मंगळवार, २४ मार्च

डॉक्टर,

मागच्या पत्रात उजवं चाक चार मिलिमीटर बाहेर असल्याचं लिहिलं होतं. पुन्हा मोजलं, साडेतीन आहे. दुरुस्ती करून घ्यावी. मी चुकीची नोंद मागे ठेवत नाही.

दादा


गुरुवार, १६ एप्रिल

डॉक्टर,

तुझं पत्र आज दुपारच्या टपालाने मिळालं. दीड पान. अक्षर अजून तसंच, एकाही ओळीला पाया नाही.

एका मुद्द्याचं उत्तर आधी देतो. तू लिहितोस की २४ नोव्हेंबरला दवाखान्यात आलास तेव्हा माझी वही खाटेशेजारी पडली होती आणि तू ती चाळलीस. ११ तारखेनंतर वही कोरी होती. तेव्हा बोलला नाहीस, सोळा महिने बोलला नाहीस, आणि आता विचारतोस: दादा, ज्या माणसाने तीन वर्षं एक ओळ चुकवली नाही त्याने ते बारा दिवस का सोडले? आदल्या संध्याकाळी, २३ तारखेला, साखर किती होती?

हा प्रश्न विचारायचा हक्क तुला नाही. ज्या वहीला तू खोटी म्हणालास तिच्या कोऱ्या ओळी तुला कशाला हव्यात? मशीनच्या पट्ट्या संपल्या होत्या. दुकानदाराकडे आल्या नव्हत्या. झालं समाधान?

आणि दवाखान्याच्या बोळात मी तुझी कॉलर धरली हे तू लिहिलंस ते खरं आहे. दोन्ही हातांनी धरली होती. तेही लिहायला हवं होतंस.

आता तुझ्या घरची अडचण. छोटीला नोकरीसाठी तपासण्या कराव्या लागल्या, त्यात तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार निघाली. बावीस वर्षांची पोर, अंगाने काडी. उपाशीपोटीची साखर मात्र एकशे दोन. तू लिहितोस की पोरीने तपासणीआधी दोन दिवस खाणं आवरलं असणार. तू गोळ्या सुरू केल्यास. दुसऱ्या वेळी पुन्हा नऊ पूर्णांक दोन, म्हणून दुप्पट केल्यास. ती घरी मशीनवर बघते आणि म्हणते, बाबा, कमी येतंय, तर तू ते मशीन कपाटात ठेवून कुलूप घातलंस. हल्ली तिचे हात थरथरतात, घाम फुटतो, एकदा जिन्यात बसून राहिली. तुला वाटतं नव्या नोकरीची धास्ती. आक्कासारखं पुढे हाताबाहेर जाऊ नये म्हणून सोमवारपासून इन्सुलिन सुरू करणार आहेस. आणि शेवटी लिहितोस, दादा, माझ्याच घरात हे आलंय, आता तरी राग सोड.

हा परिच्छेद मी तीनदा वाचला. वाईट वाटलं, असं लिहायची पद्धत आहे.

मी तुला सांगितलं होतं की तो कागद तुझ्या घरापर्यंत पोचतो. तू चाकं पाठवलीस. मी तुला लिहिलं होतं की ही घडण जन्मापासूनची असते. जन्मापासूनची म्हणजे कुठून येते, हे काटे दुरुस्त करणाऱ्याने डॉक्टरला सांगायचं का? की ते पानही तू उलटलं नाहीस? माझी पत्रं तरी पुरी वाचतोस का, की माझी वही वाचायचास तशीच?

आज तो कागद तुला पूर्वीपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, एवढंच सांगतो. अट तीच आहे. सोमवारच्या आत ये. सकाळची पहिली बस तीन तासांत पोचते. खुर्ची मांडून ठेवतो.

आता कळेल तुला, आपल्या माणसाचा आकडा खोटा ठरवला की काय होतं.

दादा


शुक्रवार, १७ एप्रिल

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. हे पत्र तिनेही वाचावं.

डॉक्टर,

कालचं पत्र पेटीत टाकलं नव्हतं. टपालाची वेळ टळली होती म्हणून पाकीट खिशात राहिलं. फाडलेलं नाही, सोबत जोडलं आहे. त्या पत्रात मी काय केलं ते तुला दिसावं आणि मलाही पुसता येऊ नये म्हणून.

आपल्या घरात पत्र आलं की मोठ्याने वाचायचं, ही बाबांची शिस्त. भांडणाचं असलं तरी. मी माझी पत्रं आक्काला वाचून दाखवली नव्हती, ती घरातून जात होती, घरात येत नव्हती. तुझं मात्र आलं होतं. आज सकाळी चहा झाल्यावर वाचायला घेतलं. आक्का खिडकीबाहेर बघत होती. वहीबद्दलचं मी गाळणार होतो, पण शिस्त ती शिस्त, वाचलं. मग छोटीचं आलं. हात थरथरतात, घाम फुटतो, जिन्यात बसून राहिली, एवढं वाचून होतंय तोवर खुर्ची करकरली.

ती उठली. मला न धरता. मी कागद टाकून धावलो तर तिने हाताने मागे सारलं. भिंतीला धरत सात पावलं गेली, मी मोजली. स्वयंपाकघरातल्या फळीवरून साखरेचा डबा घेतला, परत आली आणि तुझ्या पत्रावर ठेवला. सोळा महिन्यांत तिने एवढं सलग वाक्य म्हटलं नव्हतं.

“तिला साखर दे. मोजत बसू नकोस.”

तिला काय आठवतं, काय नाही, हे कोणी सांगू शकत नाही. दवाखान्यातले म्हणाले होते की ती संध्याकाळ तिच्याकडे नसेल. पण ‘मोजत बसू नकोस’ हे ती का म्हणाली ते मला ठाऊक आहे, आणि जगात आणखी कोणाला ठाऊक नाही.

आठ वाजून पाच मिनिटांनी मी तुझ्या दवाखान्यात फोन केला. फोन करणार नाही म्हणालो होतो, ते मोडलं. तुझ्या टेबलावरच्या मुलीला शब्द लिहून घ्यायला लावले आणि उलट वाचून घेतले: छोटीच्या गोळ्या आजच्या आज थांबवा. इन्सुलिन सुरू करू नका. कपाटातलं मशीन काढून तिच्या हातात द्या आणि ते काय म्हणतं ते ऐका. तिच्या रक्ताची तपासणी दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर करा, आणि घडणीची करा. आक्काकडे ती आहे, माझ्याकडे नाही; पण छोटीचे आकडे आक्कासारखेच आहेत, तेव्हा तुझ्याकडेही असणार आणि तुझ्यातून तिच्याकडे. मुलगी लिहीत असताना मागून तू विचारलंस, कोण आहे? सोळा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला. मी फोन ठेवला.

आक्काचा कागद या पाकिटात आहे. मूळ प्रत. दाढीवाल्याचा नंबर मागे लिहिला आहे, तो मदत करेल. अट काढून घेतली आहे. पोरीच्या जिवावर अट घालणारा माणूस आपल्या खानदानात मीच पहिला, आणि तेही एक दिवस एक रात्र.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

पट्ट्या संपल्या नव्हत्या. पन्नासची नवी डबी होती, फोडलेलीसुद्धा. ११ नोव्हेंबरला घरी आलो आणि वही मिटून फळीवर ठेवली. मनाशी म्हटलं, खोटी आहे ना, मग नोंद कशाला? पण मोजणं सोडवेना. रोज दोन वेळा मोजत होतो, फक्त लिहीत नव्हतो. पण आकडे माझ्या डोक्यात आहेत. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. एकोणऐंशी. बावीस युनिटांवर खाली-खाली येत होते. आक्का म्हणायची, अंगात काही राहिलं नाही रे, आज कमी दे. मी म्हणायचो, डॉक्टरने बावीस लिहिलंय. तुला तुझ्या गावी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचो.

मी वाट बघत होतो, डॉक्टर. एकदा, फक्त एकदा तिची साखर कमी व्हावी. थोडीशी. घाम येईल एवढी, हात कापतील एवढी. मग मी तुला फोन करून म्हणणार होतो, आता बोल, कोण खोटं बोलतं? वाक्य पाठ केलं होतं. तयारी पक्की होती. पुस्तकात लिहिलंय की साखर सत्तरच्या खाली गेली तर पंधरा ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी. मी सोनाराच्या काट्यावर पंधरा ग्रॅम तोलून पेल्यात काढून ठेवली होती, झाकण घालून. दहा दिवस तो पेला ओट्यावर होता.

२३ तारखेला संध्याकाळी मोजली. एक्काहत्तर.

सत्तरच्या खाली नव्हती. एकने वर होती. आक्का म्हणाली, हाताला काही धरवत नाहीये. तिने पेल्याकडे बोट दाखवलं, तो कशाचा आहे हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, अजून वेळ आली नाही. मोजूनमापून होऊ दे. आणि बावीस दिले. ती दोन घास जेवली आणि पडते म्हणाली. मी खाली दुकानात गेलो, एका काट्याची सुई बसवायची होती. वर आलो तेव्हा ती शांत झोपली होती. मला बरं वाटलं. झोप लागली म्हणजे त्रास नसेल, असं मी ठरवलं. माझ्यासारख्या माणसाने न मोजता ठरवलं. बाकीचं तुला माहीत आहे.

पेला सकाळी तसाच होता. पंधरा ग्रॅम. मुंग्या लागल्या होत्या.

म्हणून तुला सुटका मिळाली असं समजू नकोस. तू पारडं उलटं करून पाहिलं नाहीस हे खरंच आहे आणि खरंच राहील. नऊ पूर्णांक आठचा आकडा हातात धरून तू दोन माणसांना खोटं पाडलंस, त्यातलं एक आज चमच्याला ‘ते’ म्हणतं. मी तुला माफ केलेलं नाही. ३० एप्रिलला तक्रार जाईल. आता ती बत्तीस पानांची आहे. बत्तिसावं पान मी आज हाताने लिहिलं, टाइपवाल्याला दाखवायची हिंमत झाली नाही. त्यात वर लिहिलेलं सगळं आहे, खाली माझी सही. परिषद तुझं काय करते ते परिषद बघेल. माझं काय करायचं ते तिच्या अखत्यारीत नसेल, पण कागदावर दोघंही असू. तू एकटा वर आणि मी एकटा खाली, असं होऊ देणार नाही. तू आम्हाला लिहून दिलेली चूक मी अक्षरशः पाळली, एकही युनिट इकडेतिकडे न करता. यासारखा सूड मी कोणावर उगवला नव्हता, आणि तो तुला लागलाच नाही.

ये. अट नाही, पण ये. छोटीला घेऊन ये. आक्कासमोर दोन खुर्च्या मांडल्या आहेत, एक तुला आणि एक मला. तुझं वाक्य तुला माहीत आहे. माझं मी आधी म्हणेन, कारण मी थोरला.

आक्का आत्ता साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसली आहे, सोडत नाही. मला विचारलं, डॉक्टर आला? मी म्हटलं, बोलावलंय.

वही फळीवरून काढली. ११ नोव्हेंबरच्या खालची पानं पिवळी पडायला लागली आहेत. मागचे अकरा दिवस आठवतील तसे भरले, शंका आहे तिथे शंका लिहिली. बाराव्या दिवसाची ओळ काळ्या शाईने घेतली, कारण लाल शाई मी एकशे साठच्या वर नाहीतर सत्तरच्या खालीच वापरतो. ती इथे उतरवून देतो, तू विचारली होतीस:

२३ नोव्हेंबर. सायं. ७:३५. साखर ७१. दिलं २२. आक्काने साखर मागितली. दिली नाही.

दादा